डेलिगेटपासून बाणापर्यंत : सी शार्पमधल्या निनावी फंक्शनांचा इतिहास

या मालिकेत आपण प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासातल्या एकेका प्रश्नाकडे बघतो आहोत. आजचा प्रश्न वरवर पाहता फारच छोटा आहे. सी शार्प भाषेत एखादं काम वेगळी मेथड न करता, तिला नाव न देता, जागच्या जागी लिहायचे दोन मार्ग आहेत. एक अनॉनिमस मेथड. म्हणजे ‘डेलिगेट’ हा शब्द लिहायचा, कंसात पॅरामीटर द्यायचे आणि महिरपी कंसात काम लिहायचं. दुसरा लॅम्डा एक्स्प्रेशन. डावीकडे पॅरामीटर, मध्ये बाण, उजवीकडे काम. यातलं कुठलं निवडायचं?

मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात आणि उत्तरही ठरलेलं असतं : लॅम्डा नवा आहे, आखूड आहे, तोच वापरा. उत्तर चुकीचं नाही. पण ते का बरोबर आहे हे माहीत नसेल, तर पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा कोड सांभाळणाऱ्याच्या हातून नकळत मोठा घोळ होऊ शकतो. पुण्या-मुंबईत असा कोड सांभाळणारे किती आहेत हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. तो घोळ नेमका कुठे होतो, तिथे आपण शेवटी पोहोचू. आधी थोडं मागे जाऊ.

मागे म्हणजे थेट १९३२ साली. प्रिन्स्टनमध्ये अलोन्झो चर्च नावाचे तर्कशास्त्रज्ञ गणिताला नवा पाया घालू पाहत होते. त्यांच्या मांडणीत फंक्शनला नाव असण्याची गरजच नव्हती. ‘अमुक घ्या आणि त्याचं तमुक करा’ एवढं लिहिलं की झालं फंक्शन. हे लिहिण्यासाठी त्यांनी ग्रीक अक्षर लॅम्डा वापरलं. लॅम्डाच का? १९६४ सालच्या एका पत्रात चर्च यांनी असा खुलासा केला की रसेल आणि व्हाइटहेड अक्षराच्या डोक्यावर टोपीसारखी खूण काढत. ती खूण अक्षराच्या पुढे आली आणि होता होता लॅम्डा झाली. पुढे मात्र त्यांनीच, एक अक्षर हवं होतं, ते घेतलं, अशा अर्थाचंही सांगितल्याचं नमूद आहे. आम्हाला दुसरी गोष्ट जास्त पटते. चिन्हांची निवड बऱ्याचदा अशीच होते आणि कारणं मागाहून येतात.

१९३५ साली क्लीनी आणि रॉसर या चर्च यांच्याच दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं की गुरुजींच्या मूळ मांडणीत विसंगती आहे. गुरूची चूक शिष्यांनी काढावी आणि गुरूने ती पचवून पुढे जावं, हे शास्त्रात सगळीकडेच घडतं असं नाही. चर्च यांनी पडलेला भाग सोडून दिला आणि फंक्शनांचा भाग तेवढा ठेवला. त्याच्याच आधारे १९३६ साली त्यांनी सिद्ध केलं की काही प्रश्न कुठल्याही यांत्रिक रीतीने सुटूच शकत नाहीत. लॅम्डा कॅल्क्युलस म्हणतात तो हा उरलेला भाग.

आता यंत्राकडे येऊ. १९५८ साली एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेचं काम सुरू केलं आणि तिच्यावरचा त्यांचा प्रसिद्ध लेख १९६० साली आला. फंक्शनलाच दुसऱ्या फंक्शनच्या हाती द्यायचं, तर निनावी फंक्शन लिहायची सोय हवी. ती त्यांनी चर्च यांच्याकडून उचलली, शब्दासकट. पण पुढे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं की चर्च यांच्या पुस्तकाचा बाकीचा भाग आपल्याला समजला नव्हता. म्हणजे लॅम्डा यंत्रात शिरला तो नुसत्या लेखनपद्धतीच्या रूपाने. अर्थ मागे राहिला.

त्याचे परिणाम लवकरच दिसले. फंक्शन एका जागी लिहिलं आणि दुसऱ्या जागी चालवलं, तर त्यातलं एखादं व्हेरिएबल कुठलं समजायचं? लिहिलं तिथलं, की चालतंय तिथलं? सुरुवातीच्या लिस्पमध्ये ‘चालतंय तिथलं’ असं घडत होतं. कोकणातल्या घराचा पत्ता सांगताना ‘आंब्याच्या झाडाशेजारी’ म्हणावं आणि ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या गल्लीतलं झाड समजावं, तसं. १९६४ साली पीटर लँडिन यांनी यावरचा उपाय नीट मांडला. फंक्शनबरोबर त्याच्या जन्मगावची व्हेरिएबलंही बांधून न्यायची. या गाठोड्याला त्यांनी ‘क्लोजर’ हे नाव दिलं. १९७५ साली सस्मन आणि स्टील यांच्या स्कीम भाषेने हाच नियम सरसकट पाळला. हे गाठोडं लक्षात ठेवा. पुढे ते दोनदा उघडावं लागणार आहे.

मधली वीस वर्षं झपाट्याने ओलांडू. नव्वदच्या दशकात खिडक्या-बटणांचे प्रोग्राम आले आणि प्रश्न रोजच्या व्यवहारातला झाला. बटण दाबलं तर काय करायचं, हे बटणाला कसं सांगायचं? अँडर्स हेल्सबर्ग यांनी बोर्लंडमध्ये टर्बो पास्कल आणि डेल्फी घडवल्या होत्या. डेल्फीत एखाद्या ऑब्जेक्टची मेथड बटणाला सरळ जोडून देता येत असे. १९९६ साली ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथल्या जावाच्या आवृत्तीत हीच कल्पना ‘डेलिगेट’ या नावाने आली. डेलिगेट म्हणजे मुखत्यारपत्र समजा. ज्याच्या हाती ते असेल तो, मूळ मालक कोण हे न विचारता, तेवढं ठरलेलं काम करून घेऊ शकतो.

जावाचे मालक सन मायक्रोसिस्टिम्स. त्यांना हे अजिबात रुचलं नाही. डेलिगेटची गरज नाही, आमच्या इनर क्लासनी हेच काम होतं, असं त्यांनी रीतसर लेख लिहून सांगितलं. १९९७ साली आलेल्या जावा १.१ मध्ये निनावी क्लास होते आणि एका ओळीच्या कामासाठी जावावाले पाच-सहा ओळींचा क्लास लिहीत राहिले. लॅम्डा आणि मेथड रेफरन्स जावात आले ते २०१४ च्या मार्च महिन्यात, जावा ८ बरोबर. सतरा वर्षं! सनचं म्हणणं तेव्हा अगदीच बिनबुडाचं होतं असं आम्ही म्हणणार नाही. भाषा लहान ठेवण्यातही शहाणपण असतं. पण किंमत कोणी मोजली, तर रोज कोड लिहिणाऱ्यांनी.

मायक्रोसॉफ्टने मग आपली स्वतंत्र भाषा केली. सी शार्पची पहिली आवृत्ती २००२ साली डॉटनेट १.० बरोबर आली. तिच्यात डेलिगेट होते, पण प्रत्येक डेलिगेटला नाव असलेली मेथड लागे. फॉर्मवर वीस बटणं असतील तर ‘बटण १ क्लिक’, ‘बटण २ क्लिक’ अशा वीस मेथडी. दोन ओळींच्या कामाचंही बारसं करावं लागे, आणि नावं ठेवणं प्रोग्रामरला दोन्ही अर्थांनी आवडतं असं म्हणतात, पण त्यातला पहिला अर्थ फारसा खरा नाही.

२००५ च्या नोव्हेंबरमध्ये सी शार्प २.० आली. जेनेरिक्स आले, इटरेटर आले आणि अनॉनिमस मेथडही आल्या. लिस्टच्या ‘फाइंडऑल’ला जागच्या जागी अट देता येऊ लागली. क्लोजरचं गाठोडंही आलं. भोवतालच्या मेथडमधलं व्हेरिएबल आत वापरलं, तर कंपायलर गुपचूप एक क्लास तयार करतो आणि ते व्हेरिएबल त्याचं फील्ड करून टाकतो. म्हणूनच मूळ मेथड संपली तरी व्हेरिएबल जिवंत राहतं.

या अनॉनिमस मेथडची एक खासियत आहे आणि ती आजही लॅम्डाकडे नाही. पॅरामीटर वापरायचेच नसतील तर त्यांची यादी अख्खी गाळता येते. ‘डेलिगेट’ लिहा, महिरपी कंस उघडा, काम लिहा. पलीकडे दोन पॅरामीटर असोत की पाच, ते जुळतं. फक्त त्यांत ‘आउट’ प्रकारचा पॅरामीटर नको. यातून एक सुंदर प्रघात पडला. इव्हेंट जाहीर करतानाच त्याला रिकामं डेलिगेट चिकटवून द्यायचं. मग कोणी ऐकणारं नसलं तरी इव्हेंट नल नसतो आणि दर वेळी तपासणी करावी लागत नाही. २०१५ साली सी शार्प ६ मध्ये प्रश्नचिन्ह आणि टिंब जोडून ‘नल नसेल तरच बोलाव’ असं लिहिता येऊ लागलं आणि हा प्रघात मागे पडला. जुन्या कोडमध्ये तो दिसला तर कचरा समजून पुसू नका. त्याच्या भरवशावर पुढे कुठेतरी तपासणी गाळलेली असते.

याच सवलतीचा एक चावराही प्रकार आहे. नवा थ्रेड करताना कंसाशिवायचं डेलिगेट दिलं तर कंपायलर अडतो. थ्रेडला दोन तऱ्हांची डेलिगेट चालतात, एक बिनपॅरामीटरचं आणि एक पॅरामीटरवालं. यादी गाळलेली मेथड दोन्हींशी जुळते, मग कंपायलरने कुठलं धरायचं? रिकामे कंस घातले की भांडण मिटतं.

इतकं सगळं असताना, दोनच वर्षांत, २००७ च्या नोव्हेंबरमध्ये सी शार्प ३.० लॅम्डा घेऊन का आली? बरोबरचं चिन्ह आणि त्याला जोडून ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, असा तो बाण. आखूडपणासाठी, असं सगळे सांगतात. आम्हाला ते दुय्यम कारण वाटतं. खरं कारण लिंक. माहिती लिस्टमध्ये असो वा डेटाबेसमध्ये, सी शार्पमधूनच तिला प्रश्न विचारायचे, ही लिंकची कल्पना. या कामात हेल्सबर्ग यांच्यासोबत एरिक मायर होते आणि ते हॅस्केलच्या परंपरेतले. म्हणजे चर्च यांचं घराणं फिरून परत आलं.

लिंकला दोन गोष्टी हव्या होत्या, ज्या अनॉनिमस मेथड देऊच शकत नव्हती.

पहिली, टाइप न लिहिण्याची मुभा. लिंकच्या प्रश्नात आपण बऱ्याचदा चार रकान्यांतले दोनच निवडतो आणि त्या दोनांचा मिळून एक निनावी टाइप तयार होतो. आता अनॉनिमस मेथडमध्ये पॅरामीटर वापरायचा तर त्याचा टाइप लिहावाच लागतो. ज्या टाइपला नावच नाही तो लिहिणार काय? लॅम्डात टाइप कंपायलर स्वतः ओळखतो. तेव्हा ही सोय ऐच्छिक नव्हती. ती नसती तर निवडीनंतरची पुढची पायरी लिहिताच आली नसती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लॅम्डाचं दोन प्रकारे रूपांतर होऊ शकतं. एक, डेलिगेटमध्ये, म्हणजे चालवता येईल अशा कोडमध्ये. दोन, एक्स्प्रेशन ट्रीमध्ये. तिथे कंपायलर काम चालवण्याचा कोड बनवत नाही, कामाचं वर्णन बनवतो : इथे शहर नावाचं फील्ड आहे, ते या शब्दाशी ताडायचं आहे, वगैरे. ते वर्णन वाचून डेटाबेसचा प्रोव्हायडर त्याचं एसक्यूएल करतो. वाण्याकडे यादी पाठवली तर तो तेवढंच सामान बांधून देतो. यादी न पाठवता ‘निवड मी घरी करीन’ म्हटलं, तर अख्खं दुकान घरी आणावं लागतं. एक्स्प्रेशन ट्री ही यादी आहे.

अनॉनिमस मेथडचं एक्स्प्रेशन ट्रीमध्ये रूपांतर होत नाही. इथे आपला घोळ.

समजा डेटाबेसमधल्या ग्राहकांच्या टेबलवर ‘व्हेअर’ लावलं आणि अट जुन्या सवयीने डेलिगेट शब्दाने लिहिली. कंपायलरने चूक दाखवायला हवी असं आपल्याला वाटतं. तो दाखवत नाही! कारण ‘व्हेअर’ नावाच्या दोन मेथडी आहेत. एक डेटाबेसला यादी पाठवणारी, दुसरी मेमरीतल्या वस्तूंमधून निवडणारी. पहिलीला एक्स्प्रेशन ट्री लागते, ती अनॉनिमस मेथडपासून मिळत नाही, म्हणून कंपायलर निमूटपणे दुसरी धरतो. प्रोग्राम चालतो. उत्तरही बरोबर दिसतं. फक्त प्रत्येक वेळी अख्खं टेबल नेटवर्कवरून आपल्या मेमरीत येतं आणि मग तिथे गाळलं जातं. चाचणीच्या डेटाबेसमध्ये शंभर ग्राहक असतात, कोणाच्या लक्षात येत नाही. खऱ्या ठिकाणी दहा लाख असतात. तीच अट आधी डेलिगेटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून पाठवली तरी हेच होतं, भले ती लॅम्डाने लिहिलेली असो. म्हणजे बाण काढला की सुटलो, असंही समजू नका. बाणाचं रूपांतर कशात होतंय ते बघायचं.

श्रोत्यांतून विचारणा झाली आहे की लूपमधला प्रसिद्ध गोंधळ लॅम्डामुळे होतो का. नाही, तो दोन्हींत सारखाच होतो. गाठोडं पुन्हा उघडा. क्लोजर व्हेरिएबलची किंमत उचलत नाही, व्हेरिएबलच उचलतं. एक ते पाच असा ‘फॉर’ लूप घालून पाच बटणांना कामं जोडली आणि प्रत्येकाने आपला क्रमांक दाखवावा असं लिहिलं, तर पाचही बटणं सहा दाखवतात. कारण पाचांचं व्हेरिएबल एकच आणि लूप संपताना ते सहा झालेलं. ‘फॉरईच’मध्येही असंच होई आणि त्यात इतके लोक फसले की २००९ साली कंपायलरच्या चमूतल्या एरिक लिपर्ट यांनी त्यावर सविस्तर लिहिलं. शेवटी २०१२ साली सी शार्प ५ मध्ये नियमच बदलला : ‘फॉरईच’च्या प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल. जुन्या कोडचा अर्थ बदलेल असा बदल भाषेचे कर्ते सहसा करत नाहीत, इथे केला. ‘फॉर’ला मात्र हात लावला नाही. गो भाषेने २०२४ साली, १.२२ या आवृत्तीत, दोन्ही तऱ्हेच्या लूपमध्ये हा बदल केला.

दोघांत सारखी असलेली आणखी एक अडचण म्हणजे इव्हेंटमधून काम काढून घेणं. जोडताना जो लॅम्डा लिहिला तोच मजकूर पुन्हा लिहून वजा केला तर काही वजा होत नाही, कारण साधारणपणे ते दुसरंच डेलिगेट असतं. मग ऐकणारा ऑब्जेक्ट मेमरीतून जात नाही आणि महिन्याभराने सर्व्हर जड का झाला याचा शोध सुरू होतो. जे काम पुढे काढून घ्यायचं आहे त्याला नाव द्या. साधी मेथड करा, किंवा डेलिगेट एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. मेथडच्या आतलंच पण चार-पाच ओळींचं काम असेल तर २०१७ पासून लोकल फंक्शनही आहे. शंभर वर्षांच्या आसपास फिरून आपण पुन्हा बारशावर आलो, याची आम्हाला गंमत वाटते.

आता प्रत्यक्ष निवड. नवा कोड लॅम्डाने लिहा. मायक्रोसॉफ्टचं अधिकृत मार्गदर्शनही बरीच वर्षं हेच सांगतं आणि अपवाद म्हणून पॅरामीटरची यादी गाळण्याचीच सोय दाखवतं. तोही अपवाद २०२० साली सी शार्प ९ मध्ये थोडा बोथट झाला. नको असलेल्या प्रत्येक पॅरामीटरच्या जागी नुसती अधोरेषा देता येते. त्याआधी दोन अधोरेषा दिल्या तर नाव दोनदा आलं म्हणून कंपायलर ओरडे, आणि लोक एकीला एक रेघ, दुसरीला दोन रेघा अशी कसरत करत. तरीही पॅरामीटर किती आहेत हे लॅम्डात मोजावं लागतं, डेलिगेटमध्ये नाही.

जुना कोड मात्र एकगठ्ठा बदलू नका. एडिटरची सोय वापरून सगळ्या डेलिगेटचे बाण करण्याचा मोह होतो. बटणं, थ्रेड, लिस्टची छाननी, इथे काही बिघडत नाही. पण तीच सोय डेटाबेसच्या ‘व्हेअर’वर चालवली की काय होतं बघा. कालपर्यंत अट मेमरीत तपासली जात होती, आज ती एसक्यूएल होऊन डेटाबेसकडे जाईल. वेग वाढेल, हे झालं चांगलं. पण अटीत आपलीच एखादी मेथड बोलावली असेल तर प्रोव्हायडरला तिचं भाषांतर जमणार नाही आणि प्रोग्राम चालताना पडेल, कंपाइल होताना नव्हे. त्याहून वाईट म्हणजे न पडता उत्तर बदलेल. सी शार्प इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरं वेगळी मानते. एसक्यूएल सर्व्हर बहुतेक ठिकाणी ती एकच मानेल असा बसवलेला असतो. ‘पुणे’ हे शहर कोणी रोमन लिपीत सगळी मोठी अक्षरं वापरून भरलं असेल आणि कोणी पहिलंच मोठं, तर काल यादीत न येणारे ग्राहक आज येतील. बिलं त्या यादीवरून निघत असतील तर ती जास्त लोकांना जातील, आणि बदल करणाऱ्याने कोडमध्ये फक्त एका शब्दाच्या जागी एक बाण घातलेला असेल.

म्हणून असा प्रत्येक बदल करताना डेटाबेसकडे जाणारं एसक्यूएल आधी आणि नंतर उतरवून शेजारी शेजारी ठेवा. आधीच्या एसक्यूएलमध्ये अटच नसेल, तर अख्खं दुकान घरी येत होतं हे तिथल्या तिथे कळतं. प्रश्न असतील तर आता घेऊ.